आधी मोजा, मग खोदा: गावाचा पाणी ताळेबंद मांडू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

गावासाठी काहीतरी करायचं मनात आलेली तरुण मुलं बहुतेक वेळा आधी जेसीबीचा तासाचा दर विचारतात. ओढा खोल करू, बंधाऱ्यातला गाळ काढू, पाणी अडेल, त्या निमित्ताने गावही एकत्र येईल, असा हिशेब असतो. पाणी अडतंही. पण फेब्रुवारीत त्याच बंधाऱ्याच्या काठावर चार-पाच मोटारी बसतात, एप्रिलमध्ये टँकरचा प्रस्ताव जातो, आणि ज्यांनी श्रमदान केलं ते नि ज्यांनी उपसा केला ते एकमेकांशी बोलेनासे होतात. पाणी अडवायचं कसं हे ठरलेलं असतं, ते कोणी किती वापरायचं यावर कोणी बसून बोललेलंच नसतं.

म्हणून माझा आग्रह आहे की कामाची सुरुवात मोजणीने करा. पाऊस, विहिरी, पिकाखालचं क्षेत्र, जनावरं, सगळं गावातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने मोजायचं आणि त्याचा जमाखर्च चावडीवर मांडायचा. यालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. तिथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटरच पाऊस पडतो. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री धरली, पाणलोटाची कामं केली. पण मला त्या गावाची खरी कमाई वाटते ती पुढची: पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियमही तिथे गावानेच घातला आणि पाळला.

माणसं कशी जमवावीत

पाच ते सात जण पुरेत. शंभर जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आधी काढू नका, त्यात पहिल्या आठवड्यात शुभेच्छांचे फोटो येतात आणि कामाचा निरोप बुडतो. पण हे पाच-सात जण एकाच गल्लीतले, एकाच भावकीतले किंवा एकाच पॅनलचे नसावेत. वाडी-वस्तीवरचा एक, गावठाणातला एक, ज्याची जमीन माथ्याला आहे असा एक आणि ज्याची ओढ्याकाठी आहे असा एक हवाच. या दोघांचे पाण्याचे अनुभव इतके वेगळे असतात की त्यांना एकत्र बसवणं हेच अर्धं काम आहे. ग्रामपंचायत निवडणूक तोंडावर असेल तर ती होऊन जाऊ द्या. त्या दिवसांत विहीर मोजायची टेप घेऊन फिरणाऱ्यालाही लोक उमेदवार समजतात.

यात निदान दोन-तीन स्त्रिया असाव्यात, आणि त्या नुसत्या नावापुरत्या नकोत. हातपंपाला मार्चमध्ये किती वेळ लागतो, कोणत्या आडाचं पाणी कधी गढूळ होतं, ही माहिती त्यांच्याकडे असते. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा. रात्री नऊला पारावर बैठक ठेवली तर त्या येणार नाहीत, आणि मग ‘बायका येतच नाहीत’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

सरपंचांना आणि ग्रामसेवकांना (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आहे) पहिल्याच आठवड्यात भेटा. परवानगी मागायला नव्हे, कळवायला. “आम्ही विहिरी मोजतोय, आकडे ग्रामसभेत मांडू” एवढं सांगितलं की पुढे कोणी पाठीमागे काही चाललंय असं म्हणत नाही.

शिवारफेरी

गावाचा नकाशा तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा. तो मंदिरापुढच्या अंगणात रांगोळीने मोठा काढा. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतात. डोंगर, ओढे, पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, बोअर, वस्त्या, सगळं त्यावर भरायला लोकांना सांगा. पहिल्या तासाभरात कागदावर नसलेले दोन-तीन झरे आणि बुजलेली एखादी बारव बाहेर येते. एरवी बैठकीत न बोलणारी म्हातारी माणसं इथे खाली बसून बोटाने दाखवायला लागतात. त्यांचं बोलणं मध्येच तोडू नका. १९७२ च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी होतं हे आज सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

मग एका सकाळी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत जा. वरून खाली, हाच क्रम ठेवा, कारण पाणी त्याच वाटेने येतं. जुने सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) मातीने भरलेत का, दगडी बांध ढासळलेत का, सिमेंट नालाबांधाच्या बुडातून पाणी झिरपतं का, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे दरवाजे जागेवर आहेत का, हे लिहून घ्या. बऱ्याच गावांत नव्या बांधकामाची गरजच नसते. असलेल्या बंधाऱ्याला वेळेवर दरवाजे घातले आणि गळती बुजवली तरी मोठा फरक पडतो. मेंढपाळ आणि गुराखी सोबत असतील तर फेरी दुप्पट उपयोगाची होते.

पाऊस आणि विहिरी मोजणं

सरकारी पावसाचा आकडा सहसा महसूल मंडळाचा, म्हणजे अनेक गावांचा मिळून एक असतो. मंडळात पाऊस झाला आणि तुमच्या शिवारात ढग नुसते येऊन गेले, असं दरवर्षी घडतं. त्यामुळे गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक हवं. ते शाळेत बसवणं सर्वांत सोयीचं. जागा उघडी असावी, जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. जागा कोरी सोडली तर पाऊस नव्हता की वाचन राहिलं हे नंतर कळत नाही. आकडा शाळेच्या फळ्यावर लागला की तो घरोघर पोचतो.

विहिरींसाठी पंधरा-वीस निवडा: माथ्याच्या, मधल्या पट्ट्यातल्या, ओढ्याकाठच्या, आणि गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर तर हवीच. वजन बांधलेली टेप सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा, म्हणजे जमिनीपासूनची खरी पातळी मिळते. जुनी माणसं खोली ‘परस’ या जुन्या मापात सांगतील, ती मीटरमध्ये करून एकाच मापात लिहा. मोटार नुकतीच बंद झाली असेल तर वाचन घेऊ नका, विहीर पुन्हा भरायला काही तास लागतात. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री असेल तर मोजणीची वेळ त्याप्रमाणे बदलावी लागते. हे बारकावे कंटाळवाणे वाटतील, पण पुढच्या सगळ्या चर्चेत लोकांचा विश्वास याच आकड्यांवर टिकतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तालुक्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. चारही वेळा जमणार नसेल तर मे अखेर आणि ऑक्टोबर तरी चुकवू नका.

ज्याची विहीर मोजता त्याला आकडा तिथेच सांगा आणि त्याच्याकडूनच वहीत लिहवून घ्या. एखादा “माझी विहीर मोजायची नाही” म्हणाला तर वाद घालू नका, शेजारची मोजा. दुसऱ्या वर्षी तोच बोलावतो, असं मी अनेकदा पाहिलंय.

जमाखर्चाचं गणित

सगळ्या गणिताची किल्ली एकच आहे: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. बाकी गुणाकार-भागाकार सातवीतल्या मुलालाही येतो, आणि तो मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावा.

समजण्यासाठी एक गाव धरू. शिवार १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, वस्ती १,५००. पडलेलं पाणी झालं ५०० कोटी लिटर. हा आकडा ऐकून सभेत सगळे एकमेकांकडे बघतात, कारण एवढं पाणी गावात येतं हेच कोणाला माहीत नसतं. पण यातलं बरंचसं उन्हाने उडतं, खरिपाची पिकं आणि झाडं-गवत पितात, काही ओढ्याने निघून जातं. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात जमिनीत मुरणारं पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरतात, जागेप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे ५० कोटी लिटर.

हा अंदाज तुमच्या विहिरींवरून तपासता येतो. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाण्याची पातळी सरासरी तीन मीटर वर आली असं समजा. पाषाणात पाणी राहायला जागा फार थोडी असते, सुमारे दोन टक्के. १,००० हेक्टर म्हणजे एक कोटी चौरस मीटर, त्याला तीनने गुणा आणि दोन टक्के काढा: सहा लाख घनमीटर, म्हणजेच ६० कोटी लिटर. दोन वेगवेगळ्या वाटांनी ५० आणि ६० आले, तर आपण फार चुकलेलो नाही. एखाद्या गावात हे आकडे दुपटी-तिपटीने वेगळे येतात. तेव्हा कृषी सहायकांना किंवा भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांना दाखवा.

नवख्यांचा एक घोटाळा इथे ठरलेला. विहिरींत दिसणारं पाणी ते वेगळं जमेला धरतात. विहिरीतलं पाणी हे भूजलच आहे, ते दोनदा मोजू नका. तलाव आणि बंधाऱ्यांतला साठा मात्र वेगळा. तो ३० कोटी लिटर असेल तर बाष्पीभवनाचे १० कोटी तरी सोडा. हाती राहिले ५० आणि २०, एकूण ७० कोटी.

आता खर्च. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. १,५०० माणसांना वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर. ४०० मोठी जनावरं, रोजचे ५० लिटर धरून, सुमारे पाऊण कोटी. शेळ्या-मेंढ्या आणि थोडी शिल्लक मिळून ४ कोटी बाजूला ठेवा. हे पाणी पहिलं, यावर चर्चा नाही. उरले ६६ कोटी.

हरभऱ्याला ३०० मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी १२ लाख लिटर लागतं. उसाची वर्षाची गरज २,००० मिलिमीटरच्या घरात जाते. पावसाचा वाटा वजा करून १,६०० मिलिमीटर आपण देतो असं धरलं तरी एकरी सुमारे ६५ लाख लिटर होतात. ६६ कोटी लिटरमध्ये साडेपाचशे एकर हरभरा येतो, किंवा शंभर एकर ऊस. ठिबकने हे आकडे खाली येतील, जमीन भारी असेल तर हरभरा एखाद-दोन पाण्यांवरही निघेल, पण प्रमाण तेच राहतं. आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्या-वापरायचं पाणी पाच एकर उसापेक्षा कमी आहे, हे वाक्य सभेत सावकाश आणि कोणाकडेही न बघता वाचा. ऊस लावणारा शेतकरी गुन्हेगार नाही. त्याला त्या पिकात भाव आणि खरेदीची हमी दिसते, आणि इतर पिकांत ती दिसत नाही. ही बाजू कबूल केली नाही तर पुढची चर्चा होतच नाही.

ग्रामसभेत कसं मांडावं

ताळेबंद पावसाळा संपल्यावर लगेच तयार हवा, रब्बीची पेरणी होऊन गेल्यावर त्याचा उपयोग नाही. २ ऑक्टोबरच्या सुमाराची ग्रामसभा यासाठी बरी पडते. ऑक्टोबरची विहीर मोजणी तोवर पूर्ण झाली नसेल तर महिन्याच्या मध्यावर विशेष ग्रामसभा मागा. कायद्याने आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या निदान चार बैठका व्हायला हव्यात आणि नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. तुमचा विषय त्या नोटिशीत लिहून आलाय याची खात्री करा. ऐनवेळचा विषय म्हणून तो रेटला तर ज्यांना तो नकोय त्यांना सभा उधळायला कारण मिळतं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पण पाण्यासारख्या विषयावर वीस माणसांत ठराव करून घेऊ नका. कागदावर तो खरा असेल, शिवारात कोणी पाळणार नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे ताळेबंद अगोदर मांडा. पिण्याचं पाणी राखून ठेवण्याचा मुद्दा तिथून ठराव होऊन आला की ग्रामसभेत त्याचं वजन वेगळं पडतं.

निर्णय हात वर करून, बहुमताने घ्यायचा मोह होतो. तो टाळा. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव वर्षानुवर्षं सर्वसहमतीने निर्णय घेत आलंय. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत जातो, मधल्या काळात अभ्यास गट त्यावर बोलत राहतो. वेळ लागतो, पण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, ते याच सवयीच्या जोरावर. पाण्याच्या बाबतीत तर ही पद्धत जास्तच लागू पडते, कारण हरलेल्या चाळीस टक्क्यांकडेही मोटारी असतात.

पाणी कोणाचं

पहिल्या वर्षी हा प्रश्न टाळून चालतं, दुसऱ्या वर्षी तो येतोच. ज्याच्याकडे विहीर आहे तो म्हणतो, माझ्या रानातलं पाणी माझं. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने मात्र चरांचं आणि गाळाचं श्रमदान केलेलं असतं. त्याच्या वाट्याला काय?

यावर महाराष्ट्रात फार मोलाचा विचार झालाय. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे नियम घडवले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, तेही एका मर्यादेपर्यंत. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. हे नियम सामूहिक उपसा योजनांसाठी होते, खासगी विहिरींना ते जसेच्या तसे लागणार नाहीत. पण त्यांतला न्याय तुमच्या गावाला काही ना काही रूपात घेता येतो: गाळपेर जमीन (तलावाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी) किंवा तलावातली मासेमारी भूमिहीनांच्या गटाला देणं, सार्वजनिक बंधाऱ्यातून उपसा करणाऱ्याने गावाच्या निधीत काही भरणं, बंधाऱ्याच्या पाण्यावर मोटारींची पाळी लावणं. जिथे असं काहीच ठरत नाही तिथे श्रमदानाला माणसं दोन वर्षं येतात आणि मग थांबतात. त्यांचं थांबणं बरोबरच असतं.

एक गोष्ट कायद्यातलीच आहे आणि ती सगळ्यांना सांगून ठेवा: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. एखादा घ्यायला निघाला तर गाडी येण्याआधी त्याच्याशी बोला. बोअर मारून झाल्यावरचं भांडण पिढ्यांपर्यंत जातं.

श्रमदान आणि पैसा

आता खोदायला हरकत नाही. काय करायचं ते शिवारफेरीच्या वहीत आहेच. माथ्यावरचे चर आधी, बांधबंदिस्ती नंतर, ओढ्यातली कामं सर्वांत शेवटी. वरची माती अडवली नाही तर खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. चरांची रेषा ए-फ्रेमने (समान पातळी शोधायची ‘A’ आकाराची साधी चौकट) आखायला एका दिवसात शिकता येतं. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ या गावागावांतल्या जलसंधारणाच्या ४५ दिवसांच्या स्पर्धेत हजारो गावकऱ्यांनी ते शिकून घेतलं. तुमच्या तालुक्यात तसं एखादं गाव असेल तर तिथल्या माणसांना शिकवायला बोलवा.

पैशाची नोंद दर आठवड्याला चावडीवर लावा: कोणी किती दिले, डिझेलला किती गेले, पावती क्रमांक काय. बँक खातं दोन सह्यांचं असावं, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. मोठ्या कामांसाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात नोंद करून घ्या, कारण आराखड्यात नसलेल्या कामाला निधी मागायला जागाच राहत नाही.

पहिल्या वर्षी काय जमेल, काय नाही

पहिल्या वर्षी पीक बदलेल अशी अपेक्षा धरू नका. पिण्याच्या पाण्याची विहीर मेपर्यंत टिकवायची, एवढं एकच उद्दिष्ट ठेवा आणि त्यासाठी तिच्या आसपासचा उपसा मार्चनंतर थांबवण्यापुरतं एकमत करा. तेवढं पाळलं गेलं तर पुढच्या ऑक्टोबरला लोक ताळेबंदाची वाट पाहतात.

मेमध्ये ऑक्टोबरचा अंदाज आणि प्रत्यक्ष पातळी शेजारी-शेजारी मांडा. अंदाज चुकला असेल तर किती आणि का, ते तसंच फळ्यावर लिहा. नोंदवही दरवर्षी दोन नव्या मुला-मुलींच्या हाती द्या आणि जुन्या दोघांना एक वर्ष त्यांच्यासोबत ठेवा. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत. पर्जन्यमापक आत्ताच मागवा. जूनच्या पहिल्या पावसाआधी ते बसलं नाही, तर मोजणीचं एक वर्ष वाया जातं.